तेवढा एक फोल्डर सोडून

सोमवार, ३ तारीख

पोचले एकदाची! बॅग, टेबलफॅन आणि मी, तिघंही धड. खोली कामाच्या जागेच्या बरोबर वर आहे, म्हणजे उशीर झाला तर सांगायला बहाणाही उरला नाही. खाली कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवतात. दातांचे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, इथून दात तयार होऊन जातात. भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेत, सगळे आ वासून. आत शिरताक्षणी वाटलं, सगळे मिळून आपल्याला दात काढून हसतायत.

मालकीणबाई पंचावन्नच्या, बोलक्या. तोंडावर सारखा रुमाल धरून बोलतात. दातांचा त्रास आहे म्हणे. दातांच्या धंद्यात दातांचा त्रास, लोहाराच्या घरी विळा नाही म्हणतात तशातली गत. त्यांचे भाऊ मेणाचे दात कोरतात. बाई त्यांना दादा म्हणतात म्हणून मीही दादा म्हणते. दिवसाला दहा शब्दांच्या वर बोलत नसावेत.

माझं काम कॉम्प्युटरचं; आलेलं प्रत्येक माप त्यावर फाइल म्हणून साठतं. यंत्र अकरा वर्षांचं, चालू व्हायला चहा पिऊन होतो. पंधरा तारखेला, शनिवारी, दुरुस्तीवाला येऊन सगळं पुसणार आणि नवी सिस्टिम टाकणार. त्याआधी सगळ्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्यायच्या, ताडून बघायच्या. मग मी कायम. फोटो स्टुडिओ बंद पडल्यापासून चार महिने घरी बसलेल्या माणसाला आणखी काय हवं?

बाईंनी एकच बजावलं. ‘जुने’ नावाचा फोल्डर आहे, तेवढा घ्यायचा नाही. कचरा आहे, जाऊ दे पुसून.

मंगळवार, ४ तारीख

कॉपी सुरू. एका वेळी एका वर्षाच्या फाइल्स घेतेय. प्रत्येक वेळी आधी आकडा लिहायचा, नंतर आकडा लिहायचा, दोन्ही जुळवायचे. स्टुडिओत एकदा आख्ख्या लग्नाचे फोटो माझ्या हातून गेले होते. नवरीची आई समोर उभी राहून रडली होती. तेव्हापासून मोजल्याशिवाय मी काही पुसू देत नाही.

दुपारी जेवणानंतर दादांनी स्वतः चहा केला. आमच्याकडे पातेल्यातला चहा माझ्या वाट्याला शेवटी यायचा, इथे पहिला कप मला! प्यायले आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणजे खुर्चीतच डुलकी लागली. दीड तास! बाई रागावल्या नाहीत. मागच्या खोलीत आरामखुर्ची आहे, रोज थोडी पडत जा म्हणाल्या. असे मालक दिवा घेऊन शोधले तरी मिळायचे नाहीत.

शुक्रवार, ७ तारीख

डाव्या बाजूची वरची दाढ महिनाभर ठणकत होती. गार पाण्याचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी. आज लक्षात आलं, ठणका गेला. पार गेला. ताईला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, तिथलं पाणी मानवलं तुला.

दुपारची झोप मात्र रोजचीच झाली. उठल्यावर जबडा आंबलेला वाटतो, तोंड उघडं टाकून झोपत असणार. घोरतही असेन. कुणी बोललं नाही.

सोमवार, १० तारीख

आकडा जुळत नाही.

जेवायच्या आधी सबंध यंत्रावर मोजल्या होत्या ४१,२०६. झोपून उठल्यावर ४१,२०७. आज एकाही डॉक्टरकडून माप आलेलं नाही. नवी फाइल शोधली, तर ती ‘जुने’मध्ये. वेळ आज दुपारची, तीन वाजून दहा मिनिटं.

कचऱ्यात आज भर कोण घालतंय? बाई बाहेर गेल्या होत्या, दादा मेण वितळवत होते. उघडला.

आत सहा फोल्डर, नुसते आकडे घातलेले. सहाव्यात पाच फाइल्स. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, मग शनिवार-रविवारची सुट्टी सोडून आज. सगळ्या तिनाच्या सुमाराच्या. एक उघडली. पडद्यावर जबडा फिरायला लागला. समोरच्या दाताचा कोपरा उडालेला. शेजारचा दात किंचित आत वळलेला.

तो कोपरा मी सात वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडून उडालाय.

पहिल्या फाइलमध्ये एक दात लाल रंगवलाय. दुसऱ्यात दोन. आजच्यात पाच. माझं माप इथे कधीच कुणी घेतलेलं नाही.

मंगळवार, ११ तारीख

बाईंना आडून विचारलं, माझ्या आधी इथे कोण होतं. म्हणाल्या, एक मुलगी होती, चांगली होती, न सांगता गेली. तिच्याही आधीच्या अशाच गेल्या. पोरींना टिकून राहायला नको असतं.

आज चहा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. पण बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. गार होतोय, पी ना, म्हणाल्या. हसून. रुमालाआडून. अर्धा कप प्यायले.

अर्धाही पुरला. उठले तेव्हा चार वाजले होते आणि सहाव्या फोल्डरमध्ये सहावी फाइल होती.

बुधवार, १२ तारीख

दुपारी, नेमकं चहाच्या वेळेला, टपालाचं काम आहे सांगून तीन रस्ते पलीकडच्या दातांच्या डॉक्टरकडे गेले. आमच्याकडे माप न पाठवणारा मुद्दाम शोधला. दाढ दुखते असं खोटंच सांगितलं. त्यानं आरसा घालून बघितलं, परत बघितलं, मग विचारलं की हे काम कुणी केलं? इतकं सुरेख काम मी कधी पाहिलं नाही म्हणाला. सहा दात बसवलेले आहेत, पण शेजारच्यांपासून ओळखू येत नाहीत.

मी म्हटलं, माझे सगळे दात माझेच आहेत.

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

गुरुवार, १३ तारीख

आज चहा प्लास्टरच्या बादलीत ओतला. आरामखुर्चीत डोळे मिटून पडले.

चपला वाजल्या. मेणाचा वास जवळ आला. दादांनी अंगठ्यानं माझी पापणी वर केली. मी बुबुळ हलू दिलं नाही. म्हणजे, मला तसं वाटलं.

दादा म्हणाले, “जागी आहे.”

बाई म्हणाल्या, “असू दे. उद्या.”

संध्याकाळी बाई फोनवर कुणाशी तरी बोलता बोलता मोठ्यानं हसल्या. रुमाल मांडीवर होता. पहिल्यांदाच दात दिसले त्यांचे. वरच्या ओळीत समोर, कोपरा उडालेला.

माझा. मी ओळखणार नाही का? जिभेनं माझा चाचपला. आहे जागेवर, कोपराही उडालेला. फक्त जीभ आता तिथे खरचटत नाही.

आत्ताच निघून जावं. पण पोलिसांना काय सांगू? दात चोरीला गेले? दात तर तोंडात आहेत. त्या सहा फोल्डरांशिवाय माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, आणि ते परवा पुसले जाणार. आता कळलं तो फोल्डर का घ्यायचा नाही ते. डिस्क संध्याकाळी बाईंच्या कपाटात जाते, सकाळीच हाती येते. म्हणजे उद्या. एकच दिवस.

शुक्रवार, १४ तारीख

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

‘जुने’ कॉपीला लावला जेवणानंतर, दादा जेवत असताना. प्रचंड मोठा निघाला. पट्टी इंच इंच सरकत होती. बासष्ट टक्के झाले आणि बाई आल्या, हातात कप. मी उठले असते तर पडदा दिसला असता त्यांना. पडद्यासमोर तशीच बसून राहिले.

त्या हलेनात. म्हणाल्या, आज सगळा संपवायचा हं.

प्यायले. सगळा.

जाग आली ती आरामखुर्चीत. धावत टेबलापाशी आले— कॉपी पूर्ण. डिस्क तिथेच. बाई समोर बसून पाकिटांवर पत्ते लिहीत होत्या. पडदा त्यांच्याकडे वळवलेला. पाहिलं असणारच.

डिस्क आणि ही वही ओढणीत गुंडाळली, पाकिटं टाकून येते म्हटलं. जा म्हणाल्या. का जाऊ दिलं? मागेही कुणी आलं नाही. तीन वेळा वळून बघितलं.

बॅग तिथेच राहिली. राहू दे.

शनिवार, १५ तारीख

ताईकडे. तिनं टॉर्च लावून तोंड बघितलं. काहीच वेगळं दिसत नाही म्हणाली, पण जवळ घेऊन बसली. भावजी म्हणतात, आधी सगळं उघडून बघू, मग तक्रार. आजचा दिवस झोप काढ.

झोप नको म्हटलं.

आज तिथे दुरुस्तीवाला आला असेल. सगळं पुसलं असेल. आता आहे ते माझ्याकडेच.

रविवार, १६ तारीख, दुपार

भावजींच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. ते बाजारात, ताई आंघोळीला. थांबायला हवं होतं.

पहिल्या पाच फोल्डरांत पाच जणी. दात एकेक करून लाल, बत्तीसच्या बत्तीस. मला वाटलं तिथे संपतं.

संपत नाही. पुढे कान. पावलं. पाचवीच्या शेवटच्या फाइलमध्ये आख्खा चेहरा— लाल— डोळे मिटलेले—

माझ्या फोल्डरमध्ये सात फाइल्स. सात! सातवी शुक्रवारची, तीन वाजून पाच मिनिटं.

जबडा नाही.

हात. उजवा. मनगटापर्यंत लाल. करंगळीखालचा तीळसुद्धा—

तीळ आहे. बघितला. जागेवर आहे.

ताईच्या शिवणाच्या डब्यातून टाचणी आणली. उजव्या तर्जनीत खुपसली. पार आत.

दुखलं नाही. रक्त नाही.

डाव्या बोटात टोचली— आई गं— रक्त आलं, पानावर पडलंय—

उजवा लिहितोय मात्र. नीट. माझ्याच अक्षरात. आता थांबायचं. पेन खाली ठेवायचं. ठेवते—

ठेवत नाही

ताई नळ बंद कर ऐक

ताई, मी अगदी ठीक आहे. उगाच घाबरवलं तुम्हाला. डिस्क बाईंना द्यायची राहिली, म्हणून उद्या सकाळी कामावर परत

हे मी नाही लिहिलं— ताई, हात धर माझा, हा हात ध

माणसं फार चांगली आहेत तिथली. काळजी करू न