कोंबडीचं पाडस

२ ऑगस्ट १९३४, लोणावळा
पुण्याच्या मासिकाकडून कथा पुन्हा साभार परत. संपादक लिहितात, भाषा सफाईदार आहे पण तुमची वाटत नाही. तुमच्या स्वतःच्या आवाजात काही आलं, तर दिवाळी अंकात जागा ठेवतो. माझा आवाज! दिवसभर रेल्वेच्या गुड्स ऑफिसात पोत्यांच्या पावत्या फाडणाऱ्याला आवाज उरतो कुठे? तरी निश्चय केला. उद्यापासून पहाटे उठून लेखन.

३ ऑगस्ट, सकाळी नऊ
उशीर झाला. या हवेत झोप फार लागते. उद्या नक्की.

११ ऑगस्ट
आवाज एकांतात सापडतो. म्हणून वलवणच्या धरणावर जाऊन बसलो. छत्री उलटली, पायाला जळू चिकटली. एक वाक्य सुचलं, तेही कुठेतरी वाचलेलं निघालं. दोष वाचनाचा. आजपासून वाचन बंद.

१९ ऑगस्ट
वाचन बंद केल्यापासून लेखनही बंद. खरं कारण घरातला गलका. आई सुनेला, रतनला, तीच नेहमीची गोष्ट सांगत होती. आमचं जुनं घर धरणात गेलं त्या दिवसाची. पाणी चढत होतं, सगळे भांडीकुंडी घेऊन निघाले, अंड्यांवर बसलेली कोंबडी मागे राहिली. वडील कमरेएवढ्या पाण्यातून परत गेले आणि कोंबडीची पाटी डोक्यावर घेऊन आले. देव्हारा तिथंच राहिला. आई म्हणते, द्येव काय अंडी घालत्यात व्हय? मग दोघी तोंडाला पदर लावून हसतात. आईला बजावलं, चारचौघांत जरा शुद्ध बोलत जा, मी लेखक आहे. ती म्हणाली, बरं बाबा, न्हाई बोलायची.

५ सप्टेंबर
संपादक हवापालटासाठी इथं आले आहेत. चहाला बोलावलं. नवी कथा वाचायला काढली, तेवढ्यात ते पाणी प्यायला आत गेले आणि चुलीपाशी पाट ओढून बसले. आईला बोलतं केलं. कोंबडी आलीच! मी मधूनमधून तिचे शब्द सुधारत होतो, त्यांनी हातानंच गप्प बसवलं. आधी पोट धरून हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. जाताना म्हणाले, हेच लिहा, त्या बोलतात तसंच. माझी कथा राहूनच गेली. असो. दिवाळी अंक आपलाच!

१२ सप्टेंबर
लिहून पाठवलं. थोडी सफाई केली, अर्थात. धरणाचं सरोवर केलं. कोंबडी मासिकात बरी दिसत नाही, तिथं हरिणीचं पाडस घातलं. देवांबद्दलचं वाक्य गाळलं आणि वडिलांच्या तोंडी एक भाषण टाकलं. बायकोला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, पाडस अंड्यांवर कसं बसलं? तिला वाङ्मयातलं काही कळत नाही.

२९ सप्टेंबर
परत. संपादक विचारतात, यातून तुमच्या मातोश्रींना कुठे घालवलंत? मूळ हकिकत लगेच धाडा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो. थकलो. खरंच थकलो. एवढी वर्षं घासतो आहे आणि यांना हवी कोंबडी.

३० सप्टेंबर, संध्याकाळ
पेन्सिलीला टोक करून आईपुढे बसलो. सांग म्हटलं. तिनं चुलीतली लाकडं सारखी केली. पुन्हा विनवलं. म्हणाली, तुज्याफुडं न्हाई जमायचं रं, तू निस्त्या चुका बगतोस. मला एकदम कसंतरी झालं. पेन्सिल खाली ठेवली. शेवटी तिनंच तोडगा काढला. रतनला सांगते, ती लिव्हून घील, तू भाईर बस.

बायको मराठी चौथी शिकली आहे. माझी पेन्सिल तिनं घेतली आणि दार लावलं.

ओट्यावर बसलो आहे. आत दोघी हसताहेत. दाराला कान लावून पाहिला, पण पत्र्यावर पाऊस वाजतो आहे, एक शब्द कळत नाही. दार ठोठावलं. आई आतून ओरडून म्हणाली, थांब जरा, आत्ता कुटं रंग चढलाय.

थांबलो आहे.