फाटकातून आत आलेली माणसं

१४ ऑगस्ट, सोमवार
भाव ठरले. कॉलेज फुटबॉलच्या घरच्या सहा सामन्यांचा पास एकशे साठ डॉलरवरून दोनशे नव्वद. मधल्या चांगल्या बाकांना वर दीडशे डॉलर ‘देणगी’. देणगी ऐच्छिक, पण दिली नाही तर बाक जाईल!

नवे क्रीडा संचालक ब्रॅडन कील. वय एकोणचाळीस, टेक्सासहून आलेले, बूट फार स्वच्छ. मी म्हटलं, इथे खाणी बंद पडून अकरा वर्षं झाली. ते म्हणाले, “ग्लेन, लोक आधी कुरकुरतात, मग भरतात. सगळीकडे असंच असतं.”

असेल. मी सगळीकडे राहिलेलो नाही. सव्वीस वर्षं या एकाच तिकीट-खिडकीमागे बसलोय.

१७ ऑगस्ट, गुरुवार
पत्रं गेली. दोन हजार नऊशे अकरा.

१९ ऑगस्ट, शनिवार
सकाळी साडेसातला अर्लीनचा फोन. माझी थोरली बहीण. शाळेची बस चालवते, त्यामुळे बोलते तेही इंजिनाच्या वर आवाज काढूनच.

“हे पत्र तू पाठवलंस?”
“ऑफिसने पाठवलं.”
“खाली नाव कुणाचं आहे? ग्लेन टॅकेट! या गावात दुसरा ग्लेन टॅकेट आहे का रे?”
“सही छापील आहे, अर्लीन.”
“बरं झालं. हाताने केली असतीस तर हात तोडला असता!”

एकतीस वर्षं तिचा तोच बाक आहे. सातवा विभाग, बारावी रांग. देणगी देणार नाही म्हणाली. मी म्हटलं, देऊ नकोस. तर त्याचाही राग आला.

२२ ऑगस्ट, मंगळवार
खिडकीवर दिवसभर माणसं. कुणी भांडलं नाही, हेच जरा विचित्र. पूर्वी पार्किंगच्या दोन डॉलरवरून आरडाओरडा व्हायचा. आज येतात, विचारतात, ऐकतात, टोपी सारखी करतात, जातात. एक म्हातारा म्हणाला, “उभं राहायचं तिकीट आहे का? गुडघे माझेच आहेत, त्यांचं भाडं पडणार नाही.” नाही म्हटलं. तो हसला. मीही हसलो.

पासचं नूतनीकरण आतापर्यंत निम्म्याहून कमी.

२ सप्टेंबर, शनिवार
पहिला सामना. ऊन. एकवीस-सतराने हरलो.

फाटकांवरच्या यंत्रांनी तिकिटं तपासली, त्यांची बेरीज सहा हजार दोनशे चाळीस. लाउडस्पीकरवरून गावाला सांगितलं, अकरा हजार चारशे ऐंशी.

इथे खरं लिहायला हरकत नाही. हा आकडा मीच लिहितो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये चिठ्ठी वरच्या खोलीत होबर्टकडे देतो. लाउडस्पीकरवर आणि रेडिओवर सामना बोलून दाखवणारा तोच, मी लागलो त्याच्याही आधीपासूनचा. आजवर हजार-पाचशे मी नेहमीच वाढवत आलोय. विकलेली तिकिटं, फुकट वाटलेली, बँडवाले, पोलीस, सॉसेज विकणाऱ्या बायका — सगळे धरायचे. मी काही साधू नाही. पण पाच हजार कधी वाढवले नव्हते. आज कील मागे उभे होते. “आलेले मोजू नका, ग्लेन. येऊ शकले असते ते मोजा.”

होबर्टने चिठ्ठी वाचली, खिडकीतून खाली पाहिलं, पुन्हा चिठ्ठी पाहिली. “उरलेले बाकांखाली झोपलेत का रे?” मग माइक सुरू केला आणि आकडा असा वाचला की मलाच क्षणभर खरा वाटला.

९ सप्टेंबर, शनिवार
बाहेरगावी सामना. हरलो. गवत कापलं.

१० सप्टेंबर, रविवार
चर्चनंतर अर्लीनकडे जेवण. घेवडा, मक्याचा पाव, चिरलेला कांदा.

“तुमचा अकरा हजारांचा आकडा ऐकून माझ्या मागचा अख्खा बाक हसला,” म्हणाली. “बाकावर बसलेला एकटाच होता म्हणा!”

देणगी भरलेली नाही, तरी ती बसली जुन्याच जागी. तिला उठवायला कुणी आलंच नाही. उठवून बसवायचं कुणाला?

मग मुद्द्यावर आली. चौदा ऑक्टोबरला माजी विद्यार्थी गावी परत येतात तो सामना, वर्षातला सगळ्यात मोठा. त्या दिवशी सगळ्यांनी स्टेडियमपर्यंत यायचं, गाड्या लावायच्या, शेगड्या पेटवायच्या, रेडिओवर सामना ऐकायचा — आणि फाटक ओलांडायचं नाही. ती प्रत्येक थांब्यावर आयांना सांगत सुटली आहे. बसचा असाही उपयोग.

“आणि तू एकच कर,” म्हणाली. “त्या दिवशी खरा आकडा सांग.”
“नोकरी जाईल.”
“मग माझ्याकडे जेवायला ये.”
“तुझ्याकडे जेवतोच आहे.”
“मग तुझं काय नुकसान आहे?”

तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. लहानपणीही नव्हता.

१६ सप्टेंबर, शनिवार
दुसरा सामना. यंत्रं — पाच हजार एकशे तीन. जाहीर — दहा हजार नऊशे. विद्यार्थी मध्यंतरालाच निघून गेले. जिंकलो! पाहायला फारसं कुणी नव्हतं.

२७ सप्टेंबर, बुधवार
कीलनी खोलीत बोलावलं. अर्लीनबद्दल कुठून तरी कळलं होतं.

“तुमची बहीण.”
“हो.”
“तुमचं ऐकेल?”
“तिने नवऱ्याचं ऐकलं नाही, देवाचं निवडक ऐकते.”

ते हसले नाहीत. उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, “तुम्हाला वाटतं मला लोकांना लुबाडायला आवडतं.” मग माझ्याकडे वळले. “मला दोन वर्षं हवी आहेत. भरलेलं स्टेडियम दिसलं की जाहिरातदार येतात. ते आले की भाव खाली आणता येतात. रिकामं दिसलं की कुणीच येत नाही.”

मी म्हटलं, आधी माणसं, मग भरलेलं स्टेडियम. ते म्हणाले, “तुमच्याकडे वेळ असतो तेव्हा तो क्रम बरोबर असतो.”

टेबलावर बायकोचा आणि दोन मुलींचा फोटो. मुली अजून टेक्सासमध्येच आहेत. घर विकलं गेलेलं नाही.

३० सप्टेंबर, शनिवार
घरचा तिसरा. यंत्रं चार हजार आठशे. जाहीर दहा हजार दोनशे. दिवसभर वारा. पुठ्ठ्याचे पेले रिकाम्या रांगांतून खडखडत खाली येत होते.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
दुकानांच्या काचांवर कागद लागलेत. ‘शनिवारी या. आत जाऊ नका.’ खाली अर्लीनचा नंबर. न्हाव्याच्या दुकानात तिघांनी मला विचारलं, तू कुणाच्या बाजूने? मी म्हटलं, कानाच्या वर जरा कमी कर.

१४ ऑक्टोबर, शनिवार
सविस्तर लिहायला हवं.

सकाळी नऊपासूनच गाड्या. दुपारपर्यंत सगळं पार्किंग भरलं, मग रस्त्याच्या कडेनेही लागल्या. गाड्यांच्या मागच्या फळ्या पाडून खुर्च्या, शेगड्या, पोरं, कुत्री. एवढी माणसं मी दहा वर्षांत पाहिली नव्हती! मांस भाजल्याचा धूर थेट मैदानावर येत होता. प्रत्येक गाडीत तोच रेडिओ, त्यामुळे होबर्टचा आवाज आतून एकदा आणि बाहेरून चार हजारदा.

अर्लीन तीन नंबरच्या फाटकाबाहेर घडीच्या खुर्चीत. तिकिटं तपासणारी पोरगी आत रिकामी उभी. अर्लीनने तिला सॉसेज दिलं, मोहरीचा सॉस लावून. मला पाहून ओरडली, “ए ग्लेन! आत किती?”

मी हात हलवला आणि पुढे गेलो.

आत बँड वाजत होता. खेळाडू धावत बाहेर आले आणि सवयीने वर पाहिलं. एक दांडगा बचावपटू — नाव लिहीत नाही — जागीच थांबला. त्याने रांगा मोजल्यासारखं डावीकडून उजवीकडे पाहिलं, मग शिरस्त्राण घातलं. त्याची आई दुसऱ्या रांगेत होती. दोन तास गाडी चालवून आलेली, बाहेरच्या भानगडीचा तिला पत्ता नव्हता. ती एकटीच उभी राहून टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये बेरीज आली. एक हजार आठशे चौऱ्याहत्तर.

कील जिन्यात भेटले. “नऊ हजार सहाशे,” म्हणाले. हळू. हुकमासारखं नव्हे. “एवढं करा, ग्लेन. आजच्या दिवस.” कपाळावर घाम, आणि हवा तर थंड होती.

मी जिन्यातच चिठ्ठी लिहिली.  पेन नीट चाललं. अर्लीनसाठी लिहिलं की त्या बाईच्या टाळ्या ऐकून, की नुसता कंटाळा आला होता — सांगता येत नाही. १८७४.

होबर्टने वाचली. “एक आकडा लिहायचा राहिला का रे, गड्या?”
“नाही.”
“नक्की?”
“वाच.”

त्याने चष्मा पुसला आणि वाचलं. सावकाश, नेहमीच्याच मोठ्या आवाजात. “आजच्या सामन्याला फाटकातून आत आलेली माणसं — एक हजार आठशे चौऱ्याहत्तर.”

 मग बाहेरून आवाज आला. आधी हसू, मग टाळ्या, मग गाड्यांचे भोंगे — एक, दहा, सगळे. सामना थांबला. पंच आभाळाकडे बघत उभा.

अठ्ठावीस-तीनने हरलो.

१५ ऑक्टोबर, रविवार
अर्लीन ॲपल पाय घेऊन आली. दारातच माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळाची पापी घेतली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! “बाबा असते तर आज सगळ्या गावाला सांगत फिरले असते,” म्हणाली.

ॲपल पाय जरा करपली होती. सगळी खाल्ली.

१६ ऑक्टोबर, सोमवार
सामान भरायला खोका घेऊन गेलो होतो. कील म्हणाले, “खोका ठेवा. तुम्हाला काढलं तर पुढच्या सामन्याला अठराशेसुद्धा येणार नाहीत.”

भाव खाली आले. देणगी रद्द, जादा घेतलेले पैसे परत. उरलेल्या दोन सामन्यांना तिकीट दहा डॉलर, बारा वर्षांखालच्यांना फुकट. कागद त्यांनी स्वतः टाइप केला होता.

निघताना म्हणाले, “बहिणीला सांगा, जिंकलात.”

टोमणा वाटला नाही. थकवा वाटला.

२८ ऑक्टोबर, शनिवार
आठ हजार तीनशे बारा. खरे!

तिकिटांची रांग पुलापर्यंत. दोनदा कागदाची गुंडाळी बदलावी लागली. खिडकीवर तो टोपीवाला म्हातारा — “बसायचं तिकीट दे. गुडघ्यांनी संप केलाय.”

होबर्टने आकडा वाचला आणि लोक स्वतःसाठीच उठून ओरडले. चौतीस-दहाने हरलो, पण शेवटपर्यंत कुणी निघून गेलं नाही. अर्लीनचा आवाज बसला. सोमवारी मुलांना बसमध्ये खुणांनी बसवणार म्हणे.

कील दिवसभर दिसले नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर वरच्या रांगेत एकटे बसले होते, हातात दहा डॉलरचं तिकीट. विकत घेतलेलं.

११ नोव्हेंबर, शनिवार
शेवटचा घरचा. हिमकण. सात हजार वीस. सतरा-चौदाने जिंकलो. लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अडवलं नाही. शेवटच्या वर्षाची मुलं आयांना मिठी मारून रडली. अर्लीनने पुढच्या वर्षाचा पास आजच मागितला. तिचं नाव पहिलं लिहून ठेवलं.

१ डिसेंबर, शुक्रवार
काल विश्वस्तांची बैठक झाली. नऊ विरुद्ध दोन. पुढच्या वर्षीपासून कॉलेजात फुटबॉल नाही.

कील खोली आवरत होते, तेव्हा कळलं. विश्वस्तांनी जुलैतच बजावलं होतं — या मोसमात स्टेडियम भरलेलं दिसलं नाही, खर्च निघाला नाही, तर खेळ बंद. कुणाला सांगायचं नाही, ही अट. काल ते दोन तास टीमच्या बाजूने बोलले म्हणे. समोरच्यांनी चौदा ऑक्टोबरची बेरीज पुढे केली.

अर्लीनला अजून माहीत नाही. बस सव्वाचारला परत येते. शाळेच्या फाटकाशी जाऊन थांबतो.