उल्केला पाणी

३ फेब्रुवारी
सकाळच्या एसटीने सटाण्याहून नाशिकला आलो. किशोरसाहेबांचा बंगला राखायचा आहे. माडीवर स्वतंत्र खोली, दोन वेळचं जेवण. पन्नाशीला टेकलेल्या, दमलेल्या माणसाला आणखी काय हवं? साहेबांनी लगेच माझ्या शेजारच्या खोलीतली उल्का दाखवली. नारळाएवढी, अर्धं लोखंड, अर्धा दगड. कापलेल्या बाजूला उजेड धरला की आतले मधाच्या रंगाचे खडे चमकतात. अशी उल्का फार दुर्मीळ. पुण्याचे शास्त्रज्ञ ती तपासायला येणार आहेत. पाणी लागू द्यायचं नाही, गंजते, असं साहेबांनी बजावलं. स्वयंपाकाच्या ठमाबाई म्हणाल्या, त्या धोंड्याला एसी अन् आपल्याला पंखाबी धड नाय. नशीब लागतं, भाऊ.

६ फेब्रुवारी
साहेब परदेशी गेले. गावी मारुतीला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नसे. आभाळातून आलेला दगड, आणि त्याला फूलसुद्धा नाही. आंघोळ करून उल्केवर तांब्याभर पाणी घातलं, हात जोडले. नीट पुसली. बरं वाटलं.

१० फेब्रुवारी
उल्का तांबडी झाली, शेंदूर फासल्यासारखी. हाताला कोमट लागते. माझे हात मात्र गार, आणि थकवा इतका की जिना चढवत नाही. ठमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, हा आपला देव नाय, भाऊ. ह्याला जो पाणी घालील, त्याचाच जीव ह्याच्यात उतरंल. संध्याकाळी काम सोडून गेल्या.

१३ फेब्रुवारी
तळव्यांवर गंज. घासूनही जात नाही.
रविवारी मनाली राहायला येणार. लेक माझ्याच वळणाची. दिसेल त्या देवाला आधी पाणी. येऊ नकोस म्हणून सांगायला हवं. मोबाइलला माझं बोट कळत नाही. जिना उतरायला गेलो, गुडघे वाकले नाहीत.

१५ फेब्रुवारी
उल्केचं कवच गळलं. आत मऊ — श्वास घेतल्यासारखं हलतं. मी तिच्याच खोलीत कोपऱ्यात बसून, वही मांडीवर. गंज अंगभर, तोंडावरही. उठता येत नाही. फक्त उजव्या हाताची बोटं चालतात — मारुतीराया, तिची गाडी चुकू दे.

१६ फेब्रुवारी
मनाली आली. आबा, आबा म्हणत खोल्या धुंडाळल्या. माझ्यासमोर थांबली. जीभ हलेना.
हात जोडले तिने. पुटपुटली, केवढा शेंदूर चढलाय देवाला, आणि पाणी घालायला कुणी नाही.
नळ सोडला —
नको, पोरी —
डोक्यावरून पाणी. गार. मग ऊब. बोटं सुटताहेत. अक्षर पुन्हा नीट येतंय. ती म्हणतेय, एकाएकी दमल्यासारखं वाटतंय, जरा टेकते. मनाली, ऊठ, इथे बसू