कुणाकडं जायचंय?

बुधवार, संध्याकाळ

आज पुन्हा तेच. वाचनालयातल्या माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून पाहिलं, एक म्हातारे गृहस्थ गेटपर्यंत आले, वॉचमन मल्लूमामांशी दोन शब्द बोलले आणि मागे फिरले. मी बाहेर येईपर्यंत गेलेसुद्धा.

वर घरकुलाचे फ्लॅट, खाली आमचं नवं वाचनालय. कल्पना चांगलीच होती. पण वाचनालयाचं दार सोसायटीच्या गेटच्या आत ठेवायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं? पाटी मागितली, तर तीही आतल्या दारावरच लावली. आणि गेटवर मामा प्रत्येकाला विचारणार, "कुणाकडं जायचंय?" वाचायला आलेल्या माणसानं यावर काय सांगावं?

मामांवर चिडले. ते म्हणाले, "मी कुटं अडवलं, मॅडम? नुसतं इचारलं की. न्हाय इचारलं तर वरची माणसं मला बोलत्यात." तेही खोटं नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

त्यात सोसायटीच्या चेअरमनबाई आल्या. "कांबळे मॅडम, मामा सांगतात, दिवसभर तुमच्याकडंच पाहुणे येतात. बरं दिसत नाही हे."

माझ्याकडे कोण पाहुणे येणार? मग डोक्यात उजेड पडला. रोजच्या वाचकांनी मामांच्या प्रश्नाला उत्तर शोधून काढलंय. कुणाकडं जायचंय? कांबळे मॅडमकडं.

हसू आलं आधी. मग आठवलं, त्या म्हाताऱ्या गृहस्थांना माझं नाव माहीत नव्हतं.