'विकला'ची चिठ्ठी

वर्लिन,

बाबांनी जाताना मस्टँग गाडी तुला दिली आणि तिच्या इंजिनावरचा शर्यतीचा दुर्मीळ मॅनिफोल्ड, तो हवा-इंधन आत सोडणारा पार्ट, उतरवून मला. त्यासाठी तरी पोरं एकत्र येतील, असं वाटलं असेल त्यांना. तू मात्र भांडून टेक्सासला गेलास, साधा पत्ताही कळवला नाहीस; तो मला आत्ता कुठं इकडून-तिकडून मिळाला.

आपल्या ओहायोतला जुन्या पार्टांचा बाजार तू कधी चुकवायचा नाहीस. म्हणून दर उन्हाळ्यात मी तिथं तो मॅनिफोल्ड टेबलावर मांडतो, वर 'विकला' अशी चिठ्ठी लावतो.

यंदा एकजण हसला, "म्हातारबा, दरवर्षी विकलेलाच? गिऱ्हाईक मेलं की काय?"

"तोंड सांभाळून बोल," मी खेकसलो. "भाऊ आहे तो माझा."

टेबल तिथंच आहे, कुंपणापाशी.

हॉइट