आयव्हरशी सामना

शेफील्ड, मंगळवार

प्रिय बाबा,

मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. पाठ जरा धरलीय, आईला सांगू नका.

काल स्नूकरच्या पात्रता फेरीत आयव्हरला हरवलं. हो, आपल्या क्लबातलाच. मी रोज आठ तास सराव करतो. तो सहा महिने टेबलाकडे फिरकला नव्हता. तरी शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत होता, मग त्याचा सोपा काळा चेंडू चुकला.

चहा पिताना म्हणाला, "गेथिन, तू रोज सकाळी उठतोस तरी कसा रे? तेवढं शिकव मला."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

तुमचा खोकला कसा आहे? आणि खरं सांगा, काल इथे असतात तर कोणाचा खेळ बघत बसला असतात? मी तर त्याचाच बघत होतो.

तुमचा थकलेला,
गेथिन