मुशीची सात पिल्ले शिलकीत धरण्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह भैयासाहेब,
विद्यावैभव मराठी शिक्षण मंडळ, देवास.

विषय: बरणीतील सात पिल्ले शनिवारी न जाळणे व नव्या चाळीस मुश्यांची मागणी रद्द करणे.
संदर्भ: १) भांडार तपासणी समितीची नोटीस, दि. ८ फेब्रुवारी २००२. २) अर्जदाराचे पूर्वीचे तीन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

सविनय सादर की, अर्जदार आपल्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे सहायक असून येत्या जूनअखेर निवृत्त होत आहे. मंडळाच्या घटनेप्रमाणे अर्ज मराठीतच चालतो. मागचे तिन्ही अर्ज भांडारातील बाबू चि. मनन यांनी "काकू, इतकं मराठी आपल्याकडून नाही वाचलं जात, हिंदीत देऊन द्या ना," असे म्हणून तसेच फाइलीत लावले. हे कळायला अर्जदारास दोन वर्षे लागली.

१. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकासाठी दरवर्षी मुंबईहून चाळीस मुश्या, म्हणजे लहान जातीचे शार्क, फॉर्मलिनच्या पिंपातून रेल्वेने येतात. टंचाईच्या वर्षी या गावाने जेथे रेल्वेने आलेले पिण्याचे पाणी उतरवून घेतले, त्याच स्टेशनावर. एका विद्यार्थ्यास एक मासा. मेंदूच्या चार नसा दाखवून झाल्या की मासा खड्ड्यात. सव्वीस वर्षांचे एक हजार चाळीस होतात. तेवढ्यांतून प्राणिशास्त्रज्ञ एकही निघाला नाही. बहुतेक बँकेत आहेत, भेटले की फक्त वासाची आठवण काढतात.

२. दि. २२ जानेवारी रोजी जंगलभागातल्या उदयनगरहून येणारी विद्यार्थिनी मालन हिने मासा चिरला आणि कात्री खाली ठेवली. "मॅडम, ये तो जापेवाली है," म्हणजे बाळंतपणाला आलेली, एवढेच म्हणाली. पोटात नाळेसकट सात पिल्ले होती, बोटाएवढी. एरवी न ऐकणारा वर्ग तिच्या टेबलाभोवती जमला. मालनने पुढे काही चिरले नाही, तरी अर्जदाराने तिचे प्रात्यक्षिक पूर्ण दाखवले, हे कबूल. पिल्ले बरणीत ठेवली.

३. तपासणीत आवक चाळीस, खर्च चाळीस, आणि शिल्लक सात निघाली. समितीचे अध्यक्ष मा. उदाजीराव यांनी बरणी तीनदा मोजली. "बाई, माल कमी निघालेला पुष्कळ पाहिला. वाढलेला आजच पाहतोय." नोटिशीत शंका अशी की, अर्जदाराने सात मासे न चिरताच गुण दिले, किंवा मासे बाहेरून आणले. अर्जदाराचे माहेर धरमपुरीचे, तेव्हा नर्मदेतून आणले असतील, असेही तोंडी सुचवण्यात आले. धरमपुरीच्या घाटावर मुशी मिळत नाही, हे लेखी देण्याची वेळ यावी याचे दुःख वाटते. आदेश असा की, शनिवार दि. १६ रोजी सातही नग जाळून पंचनामा करावा, रजिस्टर जुळवावे, व त्याच दिवशी पुढील चाळीसची मागणी रवाना करावी.

४. अर्जदाराने समुद्र एकदाच पाहिला आहे. तरी इतके समजते की, शार्क आजारी, दुबळे मासे खातो, मधल्यांना माजू देत नाही, म्हणून खालच्या लहानांना जागा राहते. रोहू लाखांनी अंडी घालतो, येथे एका आईला सात. मोठ्या जाती तर वयात यायलाच कित्येक वर्षे घेतात, आणि जाळी व पंखांचा व्यापार त्यांना तेवढा अवधी देत नाहीत. मालन म्हणाली, त्यांच्या जंगलातला तेंदुआ, म्हणजे बिबट्या, गेला तेव्हापासून डुकरे मका शिल्लक ठेवत नाहीत. अर्जदाराला हेच सांगायला तीन अर्ज लागले. गेल्या वर्षी सरकारने व्हेल शार्कला कायद्याचे संरक्षण दिले. या लहान मुशीला कोणी विचारत नाही. चाळीसने समुद्र रिकामा होत नाही, हे मान्य. पण अशी पिंपे गावोगाव उतरतात आणि जो तो आपले चाळीसच मोजतो.

५. सबब विनंती की, मागणी रद्द व्हावी. एक नीट चिरलेली मुशी बरणीत ठेवली तर पुढच्या साऱ्या वर्गांना पुरेल, ती तयार करून देण्यास अर्जदार जूनपर्यंत आहे. शनिवारचे जाळणेही थांबवावे. रजिस्टर जुळण्याची काळजी नसावी. सात नगांसमोर "आवक कोठून" या रकान्यात अर्जदाराने पेन्सिलीने "आईकडून" असे लिहून ठेवले आहे. ते शाईने करण्याची परवानगी मिळावी.

उत्तराची सवय मोडलेली, तरी आपली नम्र,
विद्युल्लता पागनीस
देवास, दि. १२ फेब्रुवारी २००२

सोबत: १) नोटिशीची प्रत. २) मालनने काढलेली आकृती (पिल्ले सात, नाळा सात). ३) या अर्जाचा हिंदी सारांश, चि. मनन यांच्या सोयीसाठी.